बाजरीवर गहू

आमच्या घरात सोयाबीन मी आणले. हे वाक्य सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण पुढे कुठेतरी मध्येच, हळू आवाजात ते उरकून घेण्याचा मोह मला होईल.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षे होती. जीवरसायनशास्त्रातली एम.एस्सी.ची परीक्षा देऊन मी पुण्याहून भिंगारला परतले होते आणि संशोधनाच्या प्रवेशाची वाट पाहत आठ-नऊ महिने घरी होते. बाबा लष्कराच्या कार्यशाळेत नागरी कर्मचारी, त्यामुळे आम्हाला दोन खोल्यांचे सरकारी क्वार्टर मिळालेले. त्यात आई, बाबा, भाऊ, वहिनी, त्यांची चार वर्षांची मुलगी आणि पुस्तकांच्या दोन ट्रंकांसह मी. काम नसलेला शिकलेला माणूस घरात बसला की तो घर सुधारायला घेतो. मी भाचीचे ताट सुधारायला घेतले. ती अंगाने बारीक होती, दूध पीत नव्हती, डाळ बाजूला सारत होती. तिच्या खाण्यात प्रथिने किती कमी पडतात ते मी कागदावर मांडले आणि उपाय सांगितला: दहा किलो गव्हात एक किलो सोयाबीन, भाजून, एकत्र दळायचे.

आईने विरोध केला नाही. "तू शिकलीस त्ये खरं असंल," एवढेच म्हणाली आणि सोयाबीन निवडायला बसली.

मी तिथेच थांबले नाही. एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर गल्लीतल्या बायकांसमोर मी अर्धा तास बोलले. फळ्यावर खडूने आकृती काढली. आमच्या गल्लीतून एम.एस्सी.पर्यंत पोहोचलेली मी पहिलीच मुलगी, म्हणून बायका माझे बोलणे फार आदराने ऐकत. एकीने विचारले, "पन चपाती कडू हुईल का?" मी म्हटले, "नीट भाजले तर मुळीच नाही." महिन्याभरात गल्लीतल्या बहुतेक डब्यांत सोयाबीन गेले. गिरणीवाला एकदा रस्त्यात थांबवून म्हणाला, "ताई, तुम्ही काय जादू केली? ज्याच्या त्याच्या गव्हात पिवळे दाणे!" ती मला त्या उन्हाळ्यातली माझी सर्वांत मोठी कामगिरी वाटली होती.

पावसाळ्यात भाचीच्या अंगाला खाज सुटू लागली. मांडीवर, पाठीवर लालसर गांधी उठत आणि तासा-दोन तासांत विरून जात. वहिनीने डासांना दोष दिला, बाबांनी घामोळ्यांना. मी अर्थातच त्यावर विचार करत होते, परंतु ज्या दिशेने करायला हवा होता त्या दिशेने नव्हे. सप्टेंबरमध्ये वहिनीने सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा केला. भाचीने चार वड्या आवडीने खाल्ल्या. ताट उचलायच्या आत तिचा वरचा ओठ सुजला, डोळे मिटले गेले आणि श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. भाऊ तिला उचलून रिक्षाकडे धावला. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर श्वास मोकळा झाला. डॉक्टर म्हणाले, "ही ॲलर्जी आहे. कशाची ते तुम्हीच शोधायचे. पुढच्या वेळी इतक्या लवकर पोहोचाल याची खात्री नाही."

हे शेवटचे वाक्य त्या घरातल्या प्रत्येक घासाला चिकटून बसले.

संशय वड्यांवर, म्हणजे सोयाबीनवर, गेला. त्या दिवसापासून आमच्या घरातून सोयाबीन हद्दपार झाले. वड्यांचे पाकीट शेजारी दिले. उरलेले मिश्र पीठ काढून टाकले, पिठाचा डबा घासून उन्हात ठेवला. सुट्या तेलात काय मिसळलेले असते कोण जाणे, म्हणून आई घाण्यावरून करडईचे तेल आणू लागली. बालवाडीत मिळणारा पौष्टिक खाऊ भाचीने घरी आणायचा आणि त्या बदल्यात आजीकडून शेंगदाण्याचा लाडू घ्यायचा, असा करार झाला. लग्नाच्या पंगतीत ती चार वर्षांची मुलगी वाढप्याला थांबवून विचारायची, "काका, यात सोयाबीन हाय का?" आणि वाढपी गोंधळून आचाऱ्याकडे पाहायचा. सोबतीला डॉक्टरांचे सिरप महिनाभर रोज चालू होते. महिनाभर काहीही झाले नाही.

सिरप बंद केले आणि गांधी परत आल्या.

मग मी पद्धतशीर काम सुरू केले. एक वही आखली. तारीख, वेळ, खाल्लेला प्रत्येक पदार्थ, साबण, कपडे, हवा, गांधी आल्या की नाही, किती वेळ टिकल्या. सहा आठवडे मी ती वही एकही दिवस न चुकवता भरली. त्या काळात गांधी चारदा आल्या, आणि चौथ्या वेळी तिचा आवाज घोगरा झाला. प्रत्येक प्रसंगात साधारण दहा-बारा दिवसांचे अंतर होते. त्या चारही दिवशी तिच्या पोटात सोयाबीनचा कणही गेलेला नव्हता. मी शपथेवर सांगू शकत होते. निष्कर्ष मला स्पष्ट दिसत होता. महिनाभराचा आराम सिरपमुळे होता, सोयाबीन वर्ज्य केल्यामुळे नव्हे. सोयाबीन निर्दोष होते, आणि खरा दोषी आमच्या ताटात मोकाट होता. या निष्कर्षाने मला थोडे बरे वाटले, हेही नमूद केले पाहिजे. विहारातल्या फळ्यावरची आकृती पुसावी लागणार नव्हती.

मी घरात जाहीर केले, "रविवारी तिला दवाखान्याच्या आवारात नेऊन सोयाबीनची एक लहानशी वडी देऊन पाहू. डॉक्टर जवळच असतील. एकदा हा संशय मिटला की दुसरीकडे शोधता येईल."

वहिनीने मुलीला मांडीवर ओढून घेतले. आई बाजरीची भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुजी वही वाच."

"कोणते पान?"

"ज्या दिशी गांदी उठल्या त्ये चार दिस. नुसत्या तारखा वाच."

मी वाचल्या. प्रत्येक तारखेला आईने मान हलवली आणि चौथी झाल्यावर भाकरी तव्यावर टाकली.

"डबा तळाला लागला हुता."

"कोणता डबा?"

"पिठाचा, बाई. चारी बारीला. पयल्या बारीला मी तुज्या बापाला म्हनले हुते, सांच्याला दळान टाकून या, पीठ संपलं. दुसऱ्या बारीला सून डबा उपडा करून ठोकत हुती. तिसऱ्याला पीठ कमी पडलं म्हनून तुला भाकरी खावी लागली, तू तोंड वाकडं केल्तंस. आन् चौथं तर परवाचंच."

मी वही पुन्हा पाहिली. तिसऱ्या तारखेला माझ्याच अक्षरात लिहिले होते: मी बाजरीची भाकरी, बाकी सर्व नेहमीप्रमाणे. दहा किलोचा आमचा डबा दहा-बारा दिवस पुरत असे. ते अंतर मी हवेत शोधले, साबणात शोधले, एकदा चंद्राच्या कलांशीसुद्धा ताडून पाहिले, आणि ते चुलीशेजारी पत्र्याच्या डब्यात बसलेले होते.

पण कारण? आमच्या डब्यात तर फक्त गहूच होता.

"आपल्या डब्यात गहूच हाय," आई म्हणाली. "पन गिरनीत तळाला पयलं काय पडतं? आपल्या आदी ज्याचं दळान झालं, त्याचं दगडाला चिकटलेलं, नळीत राह्यलेलं. त्ये आपल्या डब्यात समद्यात आदी पडतं, म्हंजी तळाला. मग वर आपलं. आपन वरनं खात येतो."

गिरणीचा एक नियम आमच्याकडे शेंबडे पोरही जाणते: गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी, बाजरीवर बाजरी. आधीच्या दळणाचे थोडे पीठ आपल्यात येणार, तेव्हा ते आपल्याच धान्याचे असावे. बायका डबा ठेवण्याआधी विचारतात, "आता काय चाललंय?" आणि गहू चालू असेल तरच गहू रांगेत लावतात. आम्हीही तो नियम काटेकोरपणे पाळत होतो. फक्त त्या वर्षी, माझ्या कृपेने, गल्लीतल्या गव्हात सोयाबीन होते. आमचा शुद्ध गहू दर वेळी इमानेइतबारे कुणाच्या तरी सोयाबीन मिसळलेल्या गव्हामागे उभा राहत होता. विहारात ज्या बायकांना मी पटवले, त्यांचेच पीठ आमच्या तळाला येत होते.

मी विचारले, "हे तुला सुचले कसे?"

आईने तव्यावरची भाकरी उलटली. तिचे माहेर पाथर्डी तालुक्यातले, कोरडवाहू गाव. त्या गावाबद्दल ती क्वचितच बोलायची.

"सुचायचं काय त्यात? आमच्या गावाला इंजिनवरची गिरनी हुती. आमी डोक्यावर पाटी घेऊन सकाळधरनं बसायचो, आन् आमचं दळान समद्यांच्या शेवटी पडायचं. आमच्या मागनं आलेल्याचंबी आदी व्हायचं. मी लहान हुते, बापाला इचारलं, आपलंच का शेवटी? बाप म्हनला, गिरनी पीठ राखून ठिवती. आपलं आदी टाकलं तर आपल्या पिठाचा कन त्यांच्या डब्यात जाईल, त्ये त्यांना चालत न्हाई. पुढं बापानं दीक्षा घेतली, घरातले देव गेले, पन गिरनीतली आमची जागा लई वर्षं तीच राह्यली. समद्यांचं राह्यलेलं आमच्या डब्यात यायचं. कंदी तांबडं, कंदी काळं. भाकरीचा रंग बघून मी सांगायची, आपल्या आदी कुनाचं हुतं त्ये."

तवा धुरकटला होता. वहिनीने पुढे होऊन भाकरी उचलली.

मी सहा वर्षे अशुद्धी ओळखण्याचे शास्त्र शिकले होते. एका नमुन्याचा अंश दुसऱ्यात कसा उतरतो, उपकरण धुतल्याशिवाय पुढचे मापन का घेऊ नये, यावर परीक्षेत पाने भरली होती. तेच ज्ञान माझ्या आईला सातव्या-आठव्या वर्षी, उन्हात पाटी घेऊन बसून, अपमानाच्या रूपाने मिळाले होते. तिने ते टाकून दिले नव्हते. चाळीस वर्षे कुठेतरी जपून ठेवले आणि नातीसाठी बाहेर काढले.

वडीचा प्रयोग अर्थातच रद्द झाला. आई म्हणाली, "पोरीच्या अंगावर परीक्षा घ्यायची न्हाई. गिरनीची घेऊ."

माझी सूचना होती की दळण बंद करावे आणि घरी जाते आणावे. आईने ती मोडीत काढली. "सहा मानसांचं रोज कोन दळनार? तू? दोन दिस दळशील." तिची योजना वेगळी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गव्हाचा डबा, एक रिकामा डबा आणि दोन किलो बाजरीची पिशवी घेऊन निघाली. मी मागोमाग.

गिरणीवाला पिठाने पांढरा झालेला, चेहऱ्यावर फक्त डोळे काळे. त्याने आईला पाहून हात केला. "ठेवा मावशी, गव्हाचाच नंबर चालू आहे. बरोबर वेळेवर आलात."

"मला गव्हावर गहू नगं. आदी ही माजी बाजरी टाक. तिच्यावर माजा गहू."

त्याला वाटले, पट्ट्याच्या आवाजात काहीतरी चुकीचे ऐकले. त्याने कान पुढे केला. आईने पुन्हा सांगितले.

"बाजरीवर गहू? मावशी, चपात्या काळ्या निघतील. कचकच लागेल. सूनबाई डब्यासकट तुम्हाला बाहेर काढतील."

"सुनेचं मी बगते. तू पट्टा चालू ठिव."

रांगेतल्या बायकांमध्ये हसू पसरले. त्यांतली एक विहारात पहिल्या रांगेत बसून माझे भाषण ऐकणारी. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "लेकीनं नवं काढलं असंल. सोयाबीन झालं, आता बाजरी!"

आई वळलीही नाही. "ह्ये लेकीनं न्हाई शिकवलं. आमच्या गावच्या गिरनीनं शिकवलं."

बाजरी पडली. तिचे करडे पीठ आईने पिशवीत धरले. ते आम्हा मोठ्यांच्या भाकरीचे, कारण आधीच्या गव्हातले सोयाबीन त्यात उतरणार होते. मग गहू पडू लागला. आईने गव्हाचा मोकळा झालेला डबा नळीखाली ठेवला आणि माझ्याकडे हात केला. "तुज्या वहीचा कागद दे."

मी कोरे पान फाडून दिले. तिने पडणाऱ्या पिठाची एक चिमूट कागदावर ठेवली. थोड्या वेळाने तिच्याशेजारी दुसरी. मग तिसरी. पहिली राखाडी होती, दुसरी तिच्याहून फिकी, तिसरीत करडेपणाची नुसती झाक. चौथी गव्हाळ. मला वाटले, झाले. मी दुसरा, कोरा डबा पुढे सरकवला.

"थांब."

तिने पाचवी चिमूट ठेवली. चौथी आणि पाचवी तिने कागद उजेडाकडे तिरपा करून निरखल्या. मग सहावी. पाचवी आणि सहावी अगदी एकसारख्या होत्या. तेव्हाच ती म्हणाली, "आता डबा बदल."

प्रयोगशाळेत आम्ही शंकुपात्राखाली पांढरी फरशी ठेवायचो, रंगातला बदल नेमका दिसावा म्हणून. दोन वाचने तंतोतंत जुळल्याखेरीज थांबायचे नाही, हे आम्हाला वर्षभर दटावून शिकवावे लागले होते, तरी आमच्यातले निम्मे पहिल्याच वाचनावर समाधान मानत. इथे गिरणीच्या धुळीत, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, चौथी इयत्ताही पूर्ण न केलेली बाई तेच करत होती, आणि तिला ते कुणी सांगितलेले नव्हते. मी तो पिठाने पांढरा झालेला हात पाहत राहिले, आणि ज्या हातांनी मला वाढवले त्यांच्याकडे आपण आजवर नीट पाहिलेच नव्हते असे वाटले.

घरी येताना मी शंका काढली, कारण शंका काढणे हे माझे शिक्षण होते. "आई, रंगावरून बाजरी संपली एवढेच कळते. सोयाबीन संपले हे कशावरून?"

"बाजरीच्या आदी कोन हुतं? सोयाबीन. जी मागनं आली ती बाजरीच निघून गेली, तर तिच्या आदीचं कवाच गेलं." ती डबा दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाली. "दारातनं पुढचा मानूस भाईर पडल्याबिगर मागचा कसा पडंल?"

यापेक्षा नेमके उत्तर मला आजही देता येत नाही.

त्या दुसऱ्या डब्यातले पीठ पुढचे बारा दिवस भाचीसकट साऱ्या घरासाठी वापरले गेले. पहिल्या डब्यातले बाजरी मिसळलेले पीठ आम्हा मोठ्यांच्या वाट्याला आले, त्याच्या चपात्या किंचित खरखरीत लागत. भाऊ कुरकुरला, वहिनीने त्याला डोळ्यांनीच गप्प केले. दिवस जात होते तसा डबा रिता होत होता, आणि आम्ही सगळेच त्यात डोकावत होतो. बाराव्या दिवशी सकाळी वहिनीने डबा तिरपा करून शेवटचे पीठ परातीत झाडून घेतले. सिरपची बाटली खिडकीत काढून ठेवली. भावाने कामावर उशिरा जायचे ठरवले आणि कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला थांबून राहायला सांगितले.

भाचीने गुळाबरोबर एक चपाती खाल्ली. मग म्हणाली, "आत्तू, अजून." वहिनीने माझ्याकडे पाहिले, मी आईकडे. आईने दुसरी चपाती वाढली.

आम्ही वाट पाहिली. एक तास गेला. मी वही उघडून बसले होते, तारीख लिहिलेली, पुढचा रकाना कोरा. भाची रिकामा डबा उपडा करून त्यावर दोन्ही हातांनी बडवत होती आणि त्या ठेक्यावर बालवाडीतले गाणे मोठ्याने म्हणत होती. आवाज स्वच्छ होता. दुसऱ्या तासाच्या शेवटी आईने तिला जवळ ओढले, फ्रॉक वर करून पाठ पाहिली, मांड्या पाहिल्या, ओठ अंगठ्याने दाबून पाहिला. कुठेही काही नव्हते. वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ तशीच उभी राहिली.

मी पेन उचलले. रकान्यात ‘नाही’ लिहिले आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहू लागले: निष्कर्ष.

आईने विचारले, "काय लिवतीस?"

"सिद्ध झाले म्हणून लिहिते."

तिने भाचीच्या हाताखालून डबा काढून घेतला, आत फुंकर मारली आणि गव्हाचे पोते ओढून निवडायला बसली. सूप हातात घेत म्हणाली, "येका डब्यानं काय कळतं, बाई? अजून दोन डबे तळाला लागू दे. मग लिव."